उटकटारीचं मूळ

८ जानेवारी १९७६, गुरुवार. जाफराबाद

औरंगाबादहून एस.टी. वेळेवर सुटली, वेळेवर पोचली. आणीबाणीचा एवढा एकच उपयोग मला आजवर दिसला. बाकी वाटेतल्या प्रत्येक भिंतीवर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण आणि चौघांचं हसरं कुटुंब. त्या कुटुंबात एकाचेही दोन डोळे एका रेषेत नाहीत. हे काढणाऱ्यांना पगार मिळतो.

डाकबंगल्यात खोली मिळाली. खानसामा म्हणाला, "बाई एकल्याच आल्या?" म्हटलं, प्रबंध आहे बरोबर. त्याने रात्री दोन ताटं आणून ठेवली.

बारा वर्षं झाली त्या प्रबंधाला. दख्खनच्या भित्तिचित्रांतला निसर्ग, सतरावं-अठरावं शतक. तेहतीस भिंती पाहिल्या. तीच केळ, तोच मोर, तेच कमळ. जूनच्या आत सादर केला नाही तर नोंदणी रद्द, आणि कॉलेजात जन्मभर कनिष्ठ अधिव्याख्याता. गाईडसरांनी पुण्याहून लिहिलंय, 'एक तरी नवी गोष्ट आणा, बाई. केळी पुरे.' स्वतः वीस वर्षं एका केळीवर जगताहेत.

रजा १६ फेब्रुवारीपर्यंत.

९ जाने., शुक्र.

मठ इथून चार मैल, पूर्णेच्या काठी. गोसाव्यांचा. पुजारी गिरीबुवा. साठीचे, पोट पुढे, बोलणं त्याच्याही पुढे. आतल्या खोलीत रामजन्माची भिंत. कौसल्या पलंगावर, दासी, खिडकीत पोपट, परसात अर्थातच केळ. अठराव्या शतकाचा उत्तरार्ध असावा.

मी नीट पाहायच्या आत बुवांनी तेलाची वाटी आणि बोळा काढला. "थांबा म्याडम, तेलाचा हात मारतो. बिलकुल चमकते बघा." पाहुणा आला की हा उद्योग. बाप करायचा, आजा करायचा. दोनशे वर्षं पाहुणे येताहेत आणि कौसल्या तळली जाते आहे. मी ओरडलेच. बुवा इतके दचकले की वाटी सांडली.

"मंग रंग दिसंल कसा?"

"डोळ्यांनी," म्हटलं.

तेल काळं पडून वर कातडं धरलंय. या लोकांच्या हाती काही ठेवू नये.

११ जाने., रवि.

सापडली! नवी गोष्ट!

भिंतीच्या उजव्या कोपऱ्यापुढे धान्याची मोठी लाकडी पेटी होती. हलवायला लावली. चार गडी लागले, बुवा फक्त सूचना देत होते आणि दमलेही तेच. मागचा हातभर कोपरा बुवांच्या घराण्याच्या तेलातून वाचलेला. कोरडा, स्वच्छ.

एक दासी. पलंगाच्या उशाशी उभी, हातात रोप. केळ नाही, कमळ नाही, अनार नाही. काटेरी पानं, वर गोल काटेरी गेंद, फिकट निळसर. आणि मुळासकट. मूळ खाली लोंबतंय, कौसल्येच्या डोक्याजवळ.

तेहतीस भिंतींत एकाही झाडाचं मूळ पाहिलेलं नाही. आपल्याकडे झाड जमिनीतून उगवतं नाहीतर कुंडीतून, उपटून कोणी रंगवत नाही. उपटलेलं रोप मुळासकट दाखवायचं, हे युरोपातल्या छापील वनस्पतिग्रंथांचं वळण. म्हणजे या चिताऱ्याने फिरंग्यांच्या पुस्तकाचं एखादं पान पाहिलं होतं. इथे, पूर्णेच्या काठी! प्रकरण चार सगळं यावर उभं करता येईल. सरांची केळ आडवी.

वहीतली नोंद: मूळ तपकिरी, स्पष्ट, दोन फाटे. तिथून भिंतीला एक बारीक काळी भेग, कौसल्येच्या केसांपर्यंत.

सरांना पत्र टाकलं. खूश आहे. बुवांच्या घरचा चहा दोनदा प्यायले, इतकी.

१३ जाने., मंगळ.

आज मठात एक मास्तर उगवले. साळवे. मठाच्या गावच्या हायस्कुलात ड्रॉइंग शिकवतात. लाल त्रिकोण आणि तिरळं कुटुंब हे त्यांचंच कर्तृत्व. "वरून हुकूम हाय बाई, नमुना बी वरूनच आल्ता." डोळेही वरूनच आले असतील.

बराच वेळ पायरीखाली उभे होते. आत या म्हटलं तर माझ्याकडे नाही, बुवांकडे पाहिलं. बुवा म्हणाले, "या की मास्तर. तुम्ही सरकारी माणूस." मग आले. नंतर बुवांनीच सांगितलं, बौद्ध आहेत. मास्तरांचं चालतं म्हणे, बाकीचे पायरीपर्यंत. हे ते इतक्या सहज सांगतात की जणू पेटीत ज्वारी किती मावते ते सांगताहेत.

सा. म्हणाले, "अडुसष्टला सप्त्याच्या पाट्या लिहायला बोलावलं व्हतं, तवा ही भिंत म्या पूर्ण उतरवून घेतली. हा कोपरा बी. पेटी सरकवली व्हती. दाखवू का?"

पाहू पुढे, म्हटलं. ड्रॉइंग मास्तरांनी उतरवलेल्या भिंती मी पाहिल्यात. सगळ्या देवांना इंटरमीजिएट परीक्षेची छाया. मी उतरवत नाही, मी वाचते. उतरवणं हे ज्यांना वाचता येत नाही त्यांचं काम.

जाताना कोपऱ्याकडे बोट करून म्हणाले, "उटकटारी बराबर काढली न्हाई त्यानं?"

"काय?"

"उटकटारी. बांधावर असते बघा."

हसून मान हलवली. लहान मुलाने ढगात हत्ती दाखवला की हलवतो तशी.

१५ जाने., गुरु.

काल संक्रांत. बुवांच्या सुनेने वाणाला बोलावलं, मग मी दारात पोचल्यावर तिच्या लक्षात आलं की माझ्या गळ्यात काही नाही. आत घ्यावं की नाही यावर तीन बायकांची कुजबुज. शेवटी तिळगूळ ओसरीवर. मीही पायरीवरची निघाले तर. तिळगूळ दातात अडकला तो अजून निघाला नाही.

प्र. ४ ची सात पानं झाली. लेखणी धावते आहे.

१९ जाने., सोम.

सा. पुन्हा. वर्तमानपत्रात गुंडाळून खरोखरची उटकटारी उपटून आणली, मुळासकट. बोटांना काटे लागून रक्त आलेलं. भिंतीजवळ धरून उभे राहिले. "बघा बाई."

साम्य आहे. ते मी नाकारत नाही. काटेरी गेंद जगात कुठेही सारखाच दिसणार. पण बांधावरचं तण अयोध्येच्या राणीच्या उशाशी कोण कशाला रंगवेल? तेही विचारलं. आणि मूळ का दाखवेल?

सा. म्हणाले, "ते मला बी न्हाई सांगता यायचं. आईला इचारतो. चाळीस वर्षं सुईणपण केलंय तिनं, तिला पाला-मुळी म्हाईत."

छान. बारा वर्षं मी, वीस वर्षं सर, आणि आता प्रबंध तपासणार सुईण. ते रोप त्यांनी खिडकीत ठेवून दिलं. गेल्यावर मी बाहेर टाकलं.

२२ जाने., गुरु.

फोटो. पहिला रोल १२ तारखेलाच घेतला होता, पण कोपरा अंधारा, म्हणून आज पुन्हा. सर शिकवतात तसंच केलं. मलमलीचं फडकं, घट्ट पिळलेलं, हलका हात, वरून खाली. ओल लागली की रंग उठून दिसतो, सुकायच्या आत फोटो घ्यायचा. आम्ही सगळे असंच करतो. माझ्या तेहतीसही भिंती अशाच.

आधी कौसल्या. तेलावरून पाणी थेंब होऊन ओघळलं, काही उपयोग नाही. मग कोपरा. गेंद ओला झाला, काय निळा! फोटो घेतला. मग खाली.

फडकं तपकिरी.

दुसऱ्या बाजूने पाहिलं, तीही तपकिरी.

मूळ नाही. दोन्ही फाटे नाहीत, खालची भेगही नाही. दासीच्या हातात खुडलेल्या भाजीसारखं एक देठ. मुळाच्या जागी हाताएवढा फिकट डाग.

बुवा जेवायला गेले होते. फडकं पिशवीत घातलं. पेटी जरा पुढे ओढून पाहिली, माझ्याने हलली नाही.

२३ जाने., शुक्र.

गेले नाही. डोकं दुखतं.

सुकलेल्या चुन्यावर डिंकात कालवलेला रंग. पाणी लागलं की जायचाच. हे मी दुसऱ्या वर्षाच्या मुलींना फळ्यावर लिहून देते.

तेल असतं तर पाणी लागलंच नसतं. बुवांची तळलेली कौसल्या जशीच्या तशी आहे. हे वाक्य इथेच राहू दे.

आणि भेग फडक्याने पुसली कशी जाईल? भेग पुसली जात नाही. डोकं खरंच दुखतं.

२७ जाने., मंगळ.

रविवारपासून जालन्यात होते, रोल धुवायला. स्टुडिओवाला फोटो हातात देत म्हणाला, "म्याडम, भिंतीचे फोटो काढायला एवढ्या लांब गेल्त्या?" पहिल्या रोलमध्ये कोपरा ठार काळा. दुसऱ्यात गेंद सुरेख आलाय, अगदी पाणीदार. त्याखाली डाग.

परत आले तर सरांचं पत्र. 'हार्दिक अभिनंदन. ह्या मुळाने आपण सर्वांना मागे टाकलेत. मुळाचा फोटो मोठा करून पाठवावा.' बारा वर्षांत पहिल्यांदा अभिनंदन. जेवले नाही. खानसाम्याचं एक ताट तरी वाचलं.

३० जाने., शुक्र.

मठात गेले तर चार-पाच मंडळी जमलेली. बुवा डागाकडे हात करून ओरडत होते. साळवे मास्तर पायरीखाली.

"तुम्ही जालन्याला गेल्त्या म्याडम, तवा हा येऊन गेला. कागद लावून घासून राह्यला व्हता. रंग उतरवला ना कागदावर! मूळ घेऊन गेला!"

मास्तर म्हणाले, "म्या फक्त माझा जुना कागद ताडून पाह्यला. लांबून. हात न्हाई लावला, बुवा."

"मंग मूळ काय चालत गेलं?"

मंडळींत एकाने म्हटलं, म्हणून या लोकांना आत घेऊ नाही. दुसऱ्याने मान हलवली. बुवा माझ्याकडे वळले. "म्याडम, तुम्ही मोठ्या. तुम्ही सांगा, पेटी हलवली तवा मूळ व्हतं का न्हाई?"

"होतं."

"बराबर व्हतं?"

"स्पष्ट होतं."

इतकंच विचारलं, इतकंच सांगितलं. एकही शब्द खोटा नाही. मग मी चष्मा काढला आणि पदराने पुसत राहिले. खूप वेळ पुसला. पुसण्यात माझा हात धरणारं कोणी नाही.

मास्तर माझ्याकडे बघत होते.

३ फेब्रु., मंगळ.

आज साळव्यांकडे गेले. दया वगैरे नाही. मुळाची त्यांची ती प्रत हवी होती, म्हणून.

गावाच्या खालच्या अंगाला वस्ती. दोन खोल्या, शेणाने लख्ख सारवलेल्या, बुद्धाची तसबीर. तिच्या चौकटीला मास्तरांनी स्वतः रंग दिलाय, चांगला दिलाय. त्यांची आई कडूबाई, सत्तरीच्या पुढच्या, दारात शेंगा फोडत बसलेल्या. मला पाहून उठल्या नाहीत, फक्त सरकल्या. मास्तरांनी पेटीतून कागद काढला.

लिहायला हात जड झालाय, पण लिहिते. इंटरमीजिएट परीक्षेची छाया नाही. छायाच नाही. जिथे चिताऱ्याची रेघ जाडावली तिथे यांची जाडावली, जिथे त्याचा हात थरथरला तिथे यांचा. आठ वर्षांपूर्वी, सप्त्याच्या गडबडीत, पाट्या लिहिता लिहिता. इतकी चांगली प्रत मी कुठल्याही संग्रहालयात पाहिलेली नाही. या माणसाला सरकारने कुटुंबाचे डोळे नमुन्यावरून काढायला लावले.

मूळ. दोन फाटे. आणि माझी ती भेग. भेग नव्हतीच. दोरा होता. काळा दोरा, मुळाला गुंडाळलेला, तिथून कौसल्येच्या केसांत.

"हे काय?" मी विचारलं. कडूबाईंनी शेंगा फोडणं न थांबवता सांगितलं.

"उटकटारीचं मूळ हाय ते. बाई अडली की काळ्या दोऱ्यानं केसाला बांधायचं. लेकरू बाहेर आलं की तवाच्या तवा सोडायचं. घटकाभर बी ठेवू न्हाई."

"ठेवलं तर?"

"तर बाईच्या जिवावर येतं. बांधणारीनंच सोडायचं. दुसरीवर न्हाई ढकलायचं."

मास्तर म्हणाले, आईने आठ वर्षांपूर्वीच या कागदावरून ओळखलं होतं, त्यांनी तेव्हा लक्ष दिलं नाही. मी विचारल्यावर आठवलं. सांगायला आले तेव्हा मी जालन्याला निघालेली.

"तुम्ही भिंत पाहिली का, आजी?"

"मी कशी बघंल माय? बुवाच्या दोन्ही लेकी म्याच सोडवल्या. त्यांच्या घरात, पार आतल्या बाजंपाशी. मठात पायरीपसून."

प्र. ४ मेलं. फिरंगी पुस्तक नाही, पान नाही. त्या चिताऱ्याला बाळंतिणीच्या खोलीतलं कोणीतरी सांगणारं होतं, आणि त्याने ऐकलं. कौसल्या अडली आहे, ती सुटावी म्हणून दासी मूळ घेऊन उभी आहे. सगळं चित्र त्या कोपऱ्यावर तोललेलं. माझ्या तेहतीस भिंतींहून मोठी गोष्ट. रामजन्म सगळ्यांनी रंगवला, कळा एकट्याने रंगवल्या. आणि मी ते पुसलं.

मी. बुवा नाही, मास्तर नाही. लिहून टाकलं एकदाचं.

९ फेब्रु., सोम.

सरांना सगळं कळवलं होतं. दोरा, सुईण, फडकं, सगळं. आज उत्तर.

'घाबरून जाऊ नये. भिंती जातातच. मूळ आपण प्रत्यक्ष पाहिले, ते पुरे. युरोपीय उगमाचा सिद्धान्त भक्कम आहे, तो सोडू नये. दोऱ्याची हकीकत मनोरंजक, परंतु शाळामास्तर व सुईण यांच्या आधाराने प्रबंध हलका होतो. फडक्याचा उल्लेख सर्वथा टाळावा. त्यात आपल्या सर्वांचीच पद्धत चर्चेत येते.'

आपल्या सर्वांची! म्हणजे सरांच्या भिंती. कोणत्या भिंतीवर काय होतं नि काय उरलं, ते आता फक्त आमच्या फडक्यांना माहीत. या माणसाच्या शाबासकीसाठी मी बारा वर्षं घालवली. राग येतो तो त्यांचा नाही. पत्र वाचून पहिल्यांदा मला हायसं वाटलं, त्याचा.

११ फेब्रु., बुध.

सा. डाकबंगल्यावर आले. व्हरांड्यात खुर्ची दिली, तिच्या काठावर बसले. चित्र बरोबर आणलं होतं, सुरळी करून, आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात.

"बाई, हे तुम्ही घेऊन जा. छापा. माझं नाव न्हाई टाकलं तरी चालंल. पण मूळ कशानं गेलं, तेवढं लिवा."

मी विचारलं, तुम्हाला केव्हापासून माहीत?

"तुम्ही जालन्याला निघाल्या त्या दिशी ष्टँडवर पिशवी उघडी व्हती. फडकं दिसलं. मी रंगाचं काम करतो बाई, चुन्यावरचा तपकिरी मला कळतो."

"मग तिथे सर्वांसमोर का बोलला नाहीत?"

"माझं कोण ऐकंल? आन् मला वाटलं, तुम्ही सांगताल."

त्यांनी आवाजही चढवला नाही. चढवला असता तर मी भांडले असते, भांडणात मी बरी आहे. तक्रार वर गेली तर नोकरी जाणार, आताच्या दिवसांत विचारायलाही कोणी नाही, हे त्यांनी सांगितलं नाही. ते खानसाम्याने सांगितलं, मास्तर गेल्यावर, ताट ठेवताना. एकच ताट आणलं होतं.

चित्र इथे टेबलावर आहे. उघडलं नाही.

१४ फेब्रु., शनि.

बुवा स्वतः आले, फेटा बांधून. सोमवारी दहा वाजता शाळेत बैठक. मठाची कमिटी, हेडमास्तर, गावातले चौघे. बुवांनी माझ्यासाठी कागद तयार करून आणलाय, कोणाकडून तरी टाइप करवून. 'मी अमुक अमुक, सदर भिंतीवरील मूळ माझ्या समक्ष सुस्थितीत होते, माझ्या गैरहजेरीत श्री. साळवे यांनी...' खाली सहीला रेघ.

"सही द्या म्याडम, मंग तुम्हाला थांबायची बी गरज न्हाई. तुमची रजा संपली ना. सोमवारी सव्वानऊच्या गाडीनं खुशाल जा."

बुवा वाईट नाहीत. त्यांना फक्त कोणीतरी हवंय. मी त्यांच्यासमोर बोळ्यावरून ओरडले होते. त्यांनी ते मनात ठेवलेलं नाही, उलट आल्याबरोबर सांगितलं, "तुमच्या शब्दापसून तेलाचा बोळा बंद केला बघा." तेव्हा तोंड उघडायचं होतं. चार माणसं नव्हती, पायरी नव्हती, फक्त बुवा होते. कागद ठेवून जा म्हटलं. गेले.

१५ फेब्रु., रवि.

चालत गेले गावात. चित्र परत द्यायला. इतकी चांगली वस्तू मी ठेवून घेऊ नये, असं वाटेत ठरवलं होतं. मास्तर घरी नव्हते, कुठल्याशा भिंतीवर त्रिकोण काढायला गेलेले. रविवारी.

कडूबाई एकट्या होत्या. चित्र हातात घेतलं नाही. "ते तुम्हाला दिलंय." मग बसा म्हणाल्या. बसले. शेंगदाणे दिले ओंजळभर.

"बाई, एक इचारू? पोराच्या कागदावर दोरा हाय, पण गाठ न्हाई उतरली. त्यानं एकदाच पाह्यला. तुम्ही तर रोज बघून राह्यल्या. गाठ कुठं व्हती? मुळाला का केसाला?"

"का विचारता?"

"आमची माय केसाला मारायची. मी मुळाला मारते, सोडाया सोपी जाती. त्या काळची बाई कशी बांधायची, ते बघायचं व्हतं."

चाळीस वर्षं जिने ती गाठ मारली तिला फक्त एवढं हवं होतं. आणि ते सांगू शकेल असं मास्तरांशिवाय जगात एकच माणूस. मी आठवायचा प्रयत्न केला. खरंच केला. मला भेग आठवते.

"मला माहीत नाही," म्हटलं.

"न्हाई दिसली?"

"मी पाहिली नाही."

त्यांनी शेंग फोडली. रागाने नाही, खरंच कळेना म्हणून विचारलं, "मंग एवढे दिवस काय बघत व्हत्या?"

१६ फेब्रु., सोम. जाफराबाद स्टँड

नऊ वाजता आले. वळकटी, ट्रंक, पिशवी. बाकावर शेजारी एक म्हातारा झोपलाय, तोंड उघडं.

पिशवीत आहे ते: सरांचं पत्र. प्र. ४, सत्तावीस पानं, सुवाच्य अक्षरात, सगळी चूक. बुवांचा कागद, सही नाही. मास्तरांचं चित्र. फडकं. ते अजून धुतलेलं नाही. धुवायला बादलीत टाकलं होतं, पाणी ओतायच्या आधी काढलं.

सरांच्या म्हणण्याप्रमाणे वागले तर जूनमध्ये डॉक्टर होते. मास्तरांच्या म्हणण्याप्रमाणे वागले तर मी भिंत पुसणारी बाई. माझ्या मुली वर्गात हसतील. माझ्यावर हसायला त्यांना मी शिकवलंय, दुसऱ्यांवर कसं हसायचं ते रोज दाखवून. सही केली नाही आणि गप्प निघून गेले तरी मास्तरांचं व्हायचं ते होईलच. काल ते मला सभ्य वाटत होतं, सही न करणं.

साडेनऊची मठाच्या गावाची गाडी. ती वेळेवर आल्याचं कोणाला आठवत नाही. आणीबाणी तिच्यापर्यंत पोचलेली नाही. ती चुकली तर चार मैल चालत, म्हणजे साडेदहा. तोवर बैठक संपेल. गावात अशा बैठका लवकर संपतात.

सव्वानऊ. जालन्याची लागली. मिनिटाचाही उशीर नाही.

कंडक्टरने न विचारता ट्रंक आणि वळकटी टपावर चढवली. पिशवीकडे हात केला, ती मी दिली नाही. मांडीवर आहे. ड्रायव्हरने इंजिन सुरू केलंय. म्हातारा जागा होऊन चढला सुद्धा. कंडक्टर दारात उभा राहून ओरडतोय, "ओ बाई, टाइम झाला. चढून राह्यल्या का तुमचं सामान उतरवू?"

थांबा म्हटलं. एवढं लिहून होऊ द्या.